घाटात तापणारी गाडी: हेड गॅसकेट गेलंय का नाही, साताऱ्यातल्या दोन महिन्यांच्या नोंदी

गाडी २००९ चं मॉडेल, पेट्रोल, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, हेड अल्युमिनियमचं, रनिंग ९१ हजार. हेड गॅसकेट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्याच्यावर बसणारं हेड यांच्या मधलं पातळ पॅकिंग, सिलिंडरमधला गॅस, पाणी आणि ऑइल एकमेकांत जाऊ न देणारं. नोंदी त्या त्या दिवशी वहीत लिहिलेल्या, तशाच उतरवतोय, चुकलेल्या पण. कुणाची गाडी अशीच तापत असंल तर त्याचा वेळ वाचावा एवढ्यासाठी.

६ जुलै २०२४, शनिवार

आईला घेऊन बामणोलीकडं निघालेलो, तिच्या माहेरी. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट धरला, पाऊस धो धो, दुसरा गिअर, गाडीत चार माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं. वर पोचायला दोन वळणं राहिली तेव्हा आई म्हणाली कसला तरी गोडूस वास येतोय. मी लक्ष दिलं नाही. पुढच्या वळणावर बघतो तर तापमानाचा काटा पार लाल पट्टीत, तरी सपाट जागा मिळंपर्यंत अजून अर्धा किलोमीटर तशीच रेटली. बॉनेट उघडलं तर रेडिएटरच्या जादा पाण्याच्या बाटलीतनं भाताच्या आधणासारखं उकळतंय आणि खाली सांडतंय.

वीस मिनिटं थांबलो, कॅपवर ओलं फडकं टाकून हळूहळू उघडली आणि प्यायच्या पाण्याच्या दोन बाटल्या गार गार रेडिएटरमध्ये ओतल्या. ही चूक मोठी होती. इंजिन अजून तापलेलंच होतं आणि तापलेल्या अल्युमिनियमवर गार पाणी गेलं की हेड वाकतं, कधी तडकतं. तासभर तरी थांबायला पाहिजे होतं. आणि दुसरं म्हणजे रेडिएटरचा फॅन फिरतोय का ते बघितलंच नाही, त्याची किंमत पुढं तीन आठवडे मोजली.

माहेर राहिलं. उतारानं गाडी परत आणली आणि सरळ गॅरेजला नेली. मिस्त्रींनी ऑइलचं झाकण फिरवलं, आतल्या बाजूला कॉफीच्या रंगाची साय धरलेली, ती बोटावर घेऊन दाखवली. "हेड पॅकिंग गेलंय बघा साहेब. ठेवून जावा, चौदा हजार धरून चला." हेड पॅकिंग म्हणजेच हेड गॅसकेट. पाच मिनिटांत निकाल. गाडी ठेवली नाही, म्हणलं आधी स्वतः तपासतो.

७ ते १३ जुलै

पहिलं काम सोपं. गार इंजिनवर रेडिएटर काठोकाठ भरला, बाटलीवर मार्करनं रेघ मारली, रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा टाकला. रोज गोडोलीतनं ऑफिस आणि परत, जाऊन येऊन सात-आठ किलोमीटर. सहा दिवसांत पाणी साधारण पाव लिटर कमी झालं, पुठ्ठा मात्र कोरडा. म्हणजे पाणी कुठंतरी जातंय आणि ते बाहेर गळत नाहीये, इथपर्यंत मिस्त्रींचं म्हणणं बरोबर वाटत होतं.

मग ती साय. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून बघितली तर ऑइल स्वच्छ, काळसर, दुधाळपणा अजिबात नाही. घरात वापरातनं काढलेला एक तवा होता तो अंगणात शेगडीवर चांगला तापवला आणि डिपस्टिकवरचे दोन थेंब टाकले. ऑइलमध्ये पाणी असेल तर मोहरीसारखं तडतडतं. काही आवाज नाही, नुसता धूर. खात्री करायला दुसऱ्या थोड्या ऑइलमध्ये पाण्याचा एक थेंब मिसळून टाकला, ते लगेच तडतडलं. म्हणजे खाली ऑइलमध्ये पाणी नाही आणि झाकणाला धरलेली साय ही वाफेची आहे. पावसाळ्यात रोज सात-आठ किलोमीटर गाडी चालवली की ऑइल पुरेसं तापत नाही, आतली वाफ बाहेर पडत नाही, ती गार झाकणाला लागून तिथं साय धरते. नुसती ती बघून कुणी हेड उघडायला सांगत असेल तर आधी डिपस्टिक बघा.

१४ जुलै, रविवार

रेडिएटरवाल्याकडं हातपंपाचं प्रेशर टेस्टर आहे, १०० रुपये घेतो. गार इंजिनवर रेडिएटरला ०.९ बारचं प्रेशर भरलं, वीस मिनिटं काटा जवळपास तिथंच. मग त्यानं कॅप लावून बघितली. कॅपवर ०.९ छापलेलं, आणि ती ०.५ लाच सोडत होती, रबर पार चपटं झालेलं. ०.९ दाब धरला तर साधं पाणीसुद्धा ११५ अंशांच्या पुढं गेल्याशिवाय उकळत नाही, कॅपच गेली तर ते लवकर उकळणार आणि बाटलीत फेकलं जाणार. मला वाटलं सापडलं! नवीन कॅप १८० रुपये. घरी येऊन आईला सांगितलं, दोनशे रुपयांत काम झालं.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

सुट्टी होती म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबतोय ते, पण तपासून टाकू म्हणलं. गेज ८५० ला घेतलं, प्लगच्या जागी आट्यांनी बसणारं, नुसतं दाबून धरायचं घेऊ नका. तिन्ही प्लग काढले, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, धाकटा भाऊ स्टार्टर मारायला बसला. आकडे आले १३०, १२५, १२० पीएसआय (दाबाचं माप). पोटात गोळा आला, इंजिनच गेलं म्हणलं. अर्धा तास असाच गेला, मग भाऊ म्हणाला, "दादा, ॲक्सिलरेटर दाबून धरायचा असतो का?" धरायचाच असतो, पूर्ण, नाहीतर आत हवाच जात नाही आणि सगळेच आकडे खाली येतात. त्याला सांगायचं मीच विसरलो होतो.

परत घेतले: १७५, १७०, १६५. मग प्लग बसवून इंजिन गरम केलं आणि पुन्हा काढून घेतले: १८०, १७५, १५५. तीन नंबर जरा खाली. त्यात चमचाभर ऑइल टाकून घेतलं तर १६०, म्हणजे पिस्टनच्या रिंगा काही फार खराब नाहीत. दोन शेजारचे सिलिंडर एकदमच पडले असते तर मधलं गॅसकेट फाटलंय असं म्हणता आलं असतं, इथं तसं काही नव्हतं. वहीत लिहिलं "कॉम्प्रेशन ठीक".

आणि खरी खूण त्या दिवशी माझ्या हातात होती. एक आणि दोनचे प्लग बदामी, जसे असायला पाहिजेत तसे. तीनचा प्लग मात्र चिनी मातीपर्यंत पांढराशुभ्र, धुऊन पुसून ठेवल्यासारखा, टोकाला पण काजळी नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरून त्याची वाफ होत राहिली की प्लग असाच धुऊन निघतो. भाऊ म्हणाला हा बघ किती स्वच्छ आहे. मी म्हणलं चांगलंय की. फोटो काढला आणि प्लग परत बसवला. आता तो फोटो बघितला की वाईट वाटतं, कारण गेजच्या आकड्यांवर विसंबून डोळ्याला दिसणारी गोष्ट सोडून दिली.

२१ जुलै, रविवार

ब्लॉक टेस्टर आला, १,६५० रुपये. काचेची नळी, वर रबराचा फुगा, आत निळं द्रव. रेडिएटरच्या तोंडावर धरून फुगा दाबत राहायचं, आतली हवा द्रवातनं बुडबुड करत वर येते, सिलिंडरमधला जळका गॅस पाण्यात येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडनं निळ्याचं पिवळं होतं.

पहिला डाव वाया गेला. रेडिएटर काठोकाठ भरलेला होता, इंजिन तापलं तसं कुलंट (रेडिएटरमधलं रंगीत पाणी) वर आलं आणि नळीत ओढलं गेलं, द्रव हिरवं झालं. ते टाकून द्यावं लागलं. आधी पाणी दोन-तीन इंच खाली काढायचं असतं. दुसऱ्या डावाला पंधरा मिनिटं इंजिन रिकामं चालू ठेवलं, द्रव निळं ते निळंच. द्रव खराब तर नाही ना म्हणून सायलेन्सरच्या तोंडाशी धरलं, तिथं अर्ध्या मिनिटात पिवळं झालं. म्हणजे द्रव चांगलं, गॅसकेट पण चांगलं. वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं "गॅसकेट ओके".

२८ जुलै, रविवार

नव्या कॅपच्या भरवशावर एकटाच घाट चढायला गेलो. दुसऱ्या वळणानंतर काटा वर. या वेळी आधी बॉनेट उघडून फॅन बघितला. बंद! रिले, म्हणजे फॅनला करंट सोडणारा स्विच, काढून तिथल्या दोन टोकांना वायर जोडली तर फॅन सुरू झाला, म्हणजे मोटर ठीक, रिलेचे पॉइंट आत जळालेले. नवीन रिले १५० रुपये. ६ तारखेला गाडी उकळली ती बहुतेक ह्याच दीडशे रुपयांच्या वस्तूमुळं.

संध्याकाळी रिले बदलून परत गेलो. आता फॅन फिरतोय, तरीही शेवटच्या वळणाला काटा हळूहळू चढायला लागला. लाल पट्टीच्या आत थांबवली. रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दाबून बघितला तर दगडासारखा.

२९ जुलै, सोमवार

गाडी रात्रभर अंगणात. सकाळी सहाला, इंजिन एकदम गार, तो होज दाबला. अजून टणक. कॅप फिरवली तर कुकरची शिट्टी काढताना होतो तसा फुस्स आवाज आला. गार झालेल्या पाण्याचा दाब उरत नसतो, उलट पाणी आकसून बाटलीतलं आत ओढलं जातं. रात्रभर टिकणारा दाब म्हणजे आत गॅस भरलाय. आणि गॅस येणार कुठनं, सिलिंडरमधनंच.

स्टार्ट केल्यावर पहिली पाच-सहा सेकंद गाडी मिसिंग करत होती, मागनं पांढरा भपकारा. हे आधी पण होत असणार, पावसात सगळ्याच गाड्यांच्या सायलेन्सरमधनं वाफ येते म्हणून मी मनावर घेतलं नव्हतं.

मग कोडं असं, की ब्लॉक टेस्टरनं निळं का दाखवलं? दिवसभर ऑफिसात तेच डोक्यात. उत्तर सोपं होतं. अंगणात रिकामं चालणारं इंजिन सिलिंडरमध्ये फार दाब करत नाही. घाटात चार माणसं घेऊन दुसऱ्या गिअरात चढताना कितीतरी जास्त करतं, आणि बारीक फट तेव्हाच उघडते. मी सगळ्या टेस्ट अंगणात करत होतो आणि दुखणं होतं घाटात.

४ ऑगस्ट, रविवार

तापलेल्या रेडिएटरची कॅप उघडायची नाही हे पक्कं. मग टेस्टर लावायचा कुठं? गॅस जमला की कॅपमधनं तो बाटलीतच येणार, म्हणून टेस्टर बाटलीच्या तोंडाला बसवायचं ठरवलं. बाटलीतलं पाणी अर्ध्यावर ठेवलं. भाऊ, त्याचे दोन मित्र आणि डिकीत तेच तांदळाचं पोतं, म्हणजे ६ तारखेएवढंच वजन. समर्थ मंदिरापासून दुसऱ्या गिअरात, काटा वर जायला लागला तसं कडेच्या मोकळ्या जागेत घेतली, इंजिन चालूच ठेवलं.

बाटलीत बुडबुडे येत होते, चार-पाच एकदम, मग जरा थांबून परत. ती वाफ पण असू शकते म्हणून नुसत्या बुडबुड्यांवर विश्वास ठेवला नाही. रबरी बूच बाटलीच्या तोंडाला दाबून धरलं आणि फुगा दाबायला लागलो. एक मिनिट निळं. दुसऱ्या मिनिटाला कडेनं हिरवट छटा. भाऊ छत्री धरून उभा, कुणी बोलेना. चौथ्या मिनिटाला सगळी नळी पिवळी, हळदीच्या पाण्यासारखी.

एक महिना, पाच टेस्ट, आणि शेवटी मिस्त्रींचा निकाल बरोबर निघाला, त्यांचं कारण मात्र चुकीचं होतं. तरी मला तपासल्याचा पश्चात्ताप नाही, कारण तसंच गॅसकेट बदलून रिले जळकाच ठेवला असता तर नवीन गॅसकेट पण पहिल्याच घाटात गेलं असतं.

११ ऑगस्ट, रविवार

कोणता सिलिंडर ते बघायचं होतं. जुना प्लग फोडून आतली चिनी माती काढली, त्याच्या कड्याला टायरचा व्हॉल्व्ह वेल्डिंग करून घेतला, पंक्चरवाल्याकडची हवा धरून १२० रुपये. त्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, रेडिएटरची कॅप उघडी आणि हवा भरायची.

पुली फिरवायचा पाना मी बोल्टवर तसाच ठेवला होता. हवा भरल्याबरोबर पिस्टन खाली गेला, इंजिन झटक्यात फिरलं आणि पाना सुटून भिंतीवर जाऊन आदळला. दोन मिनिटं आधी माझं तोंड तिथं होतं. पाना काढा, गाडी गिअरात टाका, हँडब्रेक ओढा, मगच हवा. आणि कुणालाही पुढं उभं राहू देऊ नका.

इंजिन कोमट होतं, हवा साठ पीएसआय. एक नंबरला रेडिएटरमध्ये काही नाही. दोनला काही नाही. तीनला तीन-चार सेकंदांनी एक बुडबुडा, वाटाण्याएवढा, ठराविक ठेक्यात. पांढरा प्लग तीनचाच होता.

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदन करून आलो आणि हेड उतरवलं. टायमिंगच्या खुणा जुळवून बेल्टवर पांढऱ्या रंगानं खुणा, फोटो, मग बेल्ट. मॅनिफोल्डचा एक स्टड तुटला, गंजलेला होता. आदल्या रात्री गंज सुटायचं तेल मारून ठेवलं असतं तर तुटला नसता. हेडचे बोल्ट गार इंजिनवर, कडेकडनं मध्याकडं, थोडे थोडे सगळे सैल केले, एकच पूर्ण काढला असं करू नका. हेड चिकटलेलं होतं. फटीत स्क्रूड्रायव्हर घालायचा मोह होतो, घालू नका, अल्युमिनियमला ओरखडा बसतो आणि तिथंच परत गळती लागते. लाकडी ठोकळा ठेवून हलकं ठोकलं, सुटलं.

गॅसकेट उलटं केलं आणि तीन नंबरच्या गोलापासून पाण्याच्या भोकापर्यंत एक काळी वाट गेलेली दिसली, करंगळीच्या नखाएवढी रुंद. तिथली स्टीलची कड निळी पडलेली. बाकी सगळं गॅसकेट धड. एवढ्याशा जागेतनं सगळं चाललेलं.

हेडवर सरळ पट्टी उभी धरून खाली फीलर गेज (ठराविक जाडीच्या पातळ पाती) घातलं. ०.०५ मिमीची पात जायला नको, दोन आणि तीनच्या मधे ०.१० ची आरामात गेली. हेड वाकलंय. पहिल्या दिवशी मी ओतलेल्या त्या दोन बाटल्यांचा त्यात वाटा असणार.

अजून एक सापडलं. थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) घर उघडलं तर आत थर्मोस्टॅट नाहीच! आधी कधीतरी कुणीतरी "गाडी तापायला नको" म्हणून काढून टाकलेला, आपल्याकडं हे सर्रास करतात. त्यानं गाडी गावात कायम गार चालते, आणि झाकणाखाली धरणाऱ्या सायीला त्याचा चांगलाच हातभार लागतो. नवीन ४२० रुपये.

१६ ते २५ ऑगस्ट

हेड एमआयडीसीत लेथवाल्याकडं दिलं, दोन दिवस म्हणाला आणि नऊ दिवस लावले. राखीला बहीण आली तेव्हा गाडीचे पार्ट व्हरांड्यात पेपरवर मांडलेले, तिला एसटी स्टँडवरनं रिक्षानं यावं लागलं, त्याचं मला मनापासून वाईट वाटलं. आधी गरम पाण्यात प्रेशर देऊन तडा बघायला सांगितला, तडा नाही निघाला. मग फेसिंग, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं. दोन्ही मिळून १,१००, तुटलेला स्टड काढून नवीन बसवायचे ३००. फेसिंग आधी आणि तडा नंतर असं करू नका, तडा निघाला तर फेसिंगचे पैसे पाण्यात.

तोवर ब्लॉकचा माथा साफ केला, प्लॅस्टिकच्या पट्टीनं आणि थिनरच्या फडक्यानं. ग्राइंडरवर बफ लावून मिनिटात साफ होतं खरं, पण तो खड्डे पाडतो आणि त्याची धूळ ऑइलमध्ये जाते.

१ सप्टेंबर, रविवार

बसवणी. बोल्टच्या भोकांत कुलंट साठलेलं होतं, हे मी जवळजवळ विसरलो होतो. भोकात पाणी ठेवून बोल्ट आवळला तर पाणी दबत नाही, ब्लॉक तडकू शकतो, आणि टॉर्कचा (आवळायच्या जोराचा) आकडा पण खोटा येतो. हवेनं एकेक भोक कोरडं केलं. गॅसकेट ठेवताना ऑइलचं भोक जुळवून घेतलं, वरची बाजू वर. टॉर्क रेंच मित्राची, बोल्ट मध्यापासनं कडेला, तीन टप्प्यांत, आकडा त्या इंजिनच्या मॅन्युअलमधलाच घ्या, अंदाजानं आवळू नका. नवीन टायमिंग बेल्ट टाकला कारण जुना काढलाच होता. हातानं पुली दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत जुळतात का बघितलं, मगच चावी.

पहिल्या स्टार्टला सुरू झाली. दहा मिनिटांनी काटा एकदम वर, हीटर मात्र गार. छातीत धस्स झालं. पण ही हवा अडकलेली होती. बंद केली, पूर्ण गार होऊ दिली, गाडीचं तोंड चढावर करून कॅप उघडी ठेवून परत चालू केली, हीटर फुल. पाणी दोनदा खाली बसलं, दोनदा भरलं, मग हीटरमधनं गरम हवा आली आणि काटा निम्म्याला येऊन थांबला.

खर्च: प्रेशर टेस्ट १००, कॅप १८०, गेज ८५०, ब्लॉक टेस्टर १,६५०, रिले १५०, प्लगचं वेल्डिंग आणि हवा १२०, हेड गॅसकेट सेट १,४००, लेथ १,१००, स्टड ३००, बेल्ट ७५०, थर्मोस्टॅट ४२०, कुलंट ६४०, ऑइल आणि फिल्टर १,४५०. एकूण ९,११०. त्यातली २,५०० ची हत्यारं घरात राहिली. वेळ मात्र आठ आठवडे गेला.

६ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या गणपती. ऑफिस सुटल्यावर भाऊ, त्याचे तेच दोन मित्र, तेच पोतं, यवतेश्वर दुसऱ्या गिअरात. वर पोचेपर्यंत काटा निम्म्याच्या वर गेला नाही. वर थांबून इंजिन चालू ठेवलं, फॅन आपोआप लागला आणि बंद झाला. बाटलीला टेस्टर लावला, पाच मिनिटं, निळं.

७ सप्टेंबर, शनिवार

पहाटे साडेपाच. होज बोटानं दाबला, मऊ. कॅप फिरवली, आवाज नाही. पाणी काठोकाठ, बाटलीत रेघेवर. स्टार्ट केली, पहिल्या सेकंदापासनं एकसारखी, मिसिंग नाही. गणपती ह्याच गाडीतनं आणला, आईच्या मांडीवर.

२९ सप्टेंबर, रविवार

बामणोली करून आलो, आईला माहेरी पोचवलं. बदलल्यापासून ६४० किलोमीटर. पाणी रेघेवर. तीनचा प्लग काढून बघितला, बदामी.